मदत हवी आहे : एकपडदा चित्रपटगृहात जुना मराठी चित्रपट आणि व्याख्यान

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील एकपडदा चित्रपटगृहाचे मालक महिन्यातील एका रविवारी सकाळचा खेळ जुन्या मराठी चित्रपटांसाठी द्यायला तयार झाले असून, आरंभ प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने (१९३६) व्हावा आणि सोबत एखाद्या अभ्यासकाचे व्याख्यान असावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे. कॉपीराइटची साठ वर्षांची मुदत केव्हाच संपली असली, तरी मोठ्या पडद्यावर दाखवण्याजोगी डीसीपी (चित्रपटगृहात दाखवण्यासाठीची डिजिटल) प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून तिकीट लावलेल्या खेळासाठी मिळू शकते का, आणि अर्ज कसा करावा?

दुसरी अडचण पडद्याची आहे. पडदा रुंद, आणि चित्रपटाची चौकट जवळपास चौकोनी. ती ताणून दाखवली, तर माणसे बुटकी व पसरट दिसतील आणि दिग्दर्शक दामले-फत्तेलालांची दृश्यरचनाच बिघडेल, जे मला मुळीच मान्य नाही. दोन्ही बाजूंना काळे पडदे ओढण्याची सोय कोणी कमी खर्चात केली आहे का?

व्याख्यान नंतर ठेवले, तर एसटी गाठायची असलेले प्रेक्षक उठून जातील, अशी भीती वाटते. फिल्म सोसायटी चालवणाऱ्यांनी याबाबतचा, तसेच पाहुण्यांच्या मानधनाबाबतचा अनुभव कृपया कळवावा.