मदत हवी आहे: कोलोनोस्कोपीची (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीची) तयारी, लांबून येणारे पेशंट

वैद्यकीय महाविद्यालयाच्या गॅस्ट्रो विभागासाठी विचारतोय. पोट साफ करणारं पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं 2 लिटर द्रावण आदल्या संध्याकाळीच संपवून रात्रीच्या एसटीने येणाऱ्यांचं डावं आतडं स्वच्छ दिसतं. उजवीकडे सीकमपाशी (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला) मात्र पित्ताचा पिवळा चिकट थर, बोस्टन स्कोअर (आतड्याच्या प्रत्येक भागाच्या स्वच्छतेचे 0 ते 3 गुण) फक्त 1. चपटे पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरच्या गाठी) नेमके त्याखाली लपतात. उपाय माहीत आहे: 1 लिटर संध्याकाळी, उरलेला तपासणीच्या 4 ते 6 तास आधी सुरू, शेवटचे 2 तास काही नाही. पण एसटीत संडास कुठला? अशांना दुपारची वेळ देऊन दुसरा लिटर वॉर्डातच पाजायची घडी कुणी बसवली आहे का? शिवाय पेरू-टोमॅटोच्या बिया (दुर्बिणीची सक्शन नळी त्यांनीच तुंबते!) आणि लोहाच्या गोळ्या आधीच बंद करायला सांगणारं, चित्रं असलेलं मराठी पत्रक असेल तर कृपया इथे टाका.