भराव खचला, सरकला की ढासळला?

कडेलोट:
दगडखाणीतल्या भरावांच्या तपासणीचा तक्ता मराठीत करतोय. एका रकान्याला ‘भराव खचल्याची चिन्हे’ असं नाव दिलं होतं. तिथल्या पर्यवेक्षकांनी ते खोडून समासात लिहिलं, ‘खचणे वेगळे, सरकणे वेगळे.’ माझ्या कानाला दोन्ही सारखेच. रस्त्याची कड तुटून गेली तरी आपण रस्ता खचला असंच म्हणतो ना?

मुरूममाती:
म्हणतो, पण चुकीचं. भराव खचतो तो सरळ खाली. थर नीट दाबलेले नसतात, २०-३० सेंटिमीटरच्या जागी मीटरभर माती ओतून वरून एकदा रोलर फिरवलेला असतो, मग पहिल्या पावसात पातळी बसते. सरकतो तेव्हा अख्खा तुकडा आतल्या आत सुटून बाहेर निघतो. माथ्यावर काठाला धरून कमानीसारखी भेग, पायथ्याशी फुगवटा. खचलं तर वर माती टाकून पातळी आणता येते. सरकणाऱ्याच्या माथ्यावर माती टाकणं म्हणजे त्याला मागून धक्का देणं. तिथे आधी पाणी काढायचं आणि भार द्यायचा तो पायथ्याला.
आम्ही एकदा ‘भराव खचला आहे’ एवढीच नोंद वाचून वर दोन डंपर मुरूम ओतला. संध्याकाळी बोटभर असलेली भेग सकाळी वीतभर झाली होती. तेव्हापासून मी क्रियापदाला घाबरतो.

शब्दवेडा:
सुंदर! ढासळणे राहिलं. बुरूज ढासळतो, म्हणजे सुटे सुटे होऊन पडणं. तर खचणे, सरकणे, ढासळणे असे तीन रकाने करा. आणि तक्त्याचं नाव ‘ढाळस्थैर्य तपासणी’ ठेवा. उतार निसर्गात असतोच, ढाळ मात्र आपण देतो. भराव माणसाने केलेला, म्हणून त्याचा ढाळच.

जुनापावशेर:
ढाळ द्यायचा तो न्हाणीच्या फरशीला, पाणी मोरीकडे जावं म्हणून. ज्यावरून माणूस गडगडत खाली येईल त्याला ढाळ कोण म्हणतं? शिवाय माझ्या आजीच्या भाषेत ‘ढाळ होणे’ म्हणजे जुलाब. ‘भरावाला ढाळ झाली’ असं वाचून कामगार हसत बसतील.

शब्दवेडा:
हसू द्या. चवऱ्याही ढाळतात, अश्रूही ढाळतात. मुळात वरून खाली सोडणं हाच अर्थ आहे, असा माझा अंदाज. शब्द वापरले नाहीत तर ते मरतात.

थरावरथर:
शब्द मरोत, माणसं मरायला नकोत. तुम्ही ढाळ लिहा की उतार, प्रमाण कसं लिहिणार ते सांगा. आमच्या साइटवर ‘दोनास एक’ म्हणजे आडवं दोन, उभं एक, सुमारे २६.५ अंश. दुसऱ्या नकाशात उभं आधी लिहिलेलं होतं. वाचणाऱ्याने तिथलं १:२ आमच्या सवयीने, आडवं आधी धरून वाचलं असतं तर ६३.५ अंशांची भिंत उभी राहिली असती. त्यामुळे मी ‘आडवे’ आणि ‘उभे’ हे दोन शब्द सोडून काही मागत नाही.

कडेलोट:
हे फार कामाचं आहे. पुढचा अडथळा ‘अँगल ऑफ रिपोज’. मी ‘विश्रांतिकोन’ केलंय.

जुनापावशेर:
वामकुक्षीला किती अंश?

मुरूममाती:
गडी म्हणतात ‘माती जिथे आपणहून थांबते तो उतार’. लांब आहे पण बरोबर आहे. कोरडी सुटी वाळू ओतली की ढीग ३०-३५ अंशांवर थांबतो. मात्र तो कोन बघून भराव रचू नका, कारण तिथे फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे माती धरून ठेवणारा जोर भागिले खाली ओढणारा जोर, जेमतेम १ असतो, कायमच्या भरावाला १.५ धरायची पद्धत. त्यात पाणी मुरलं की हिशेब आणखी खाली येतो.

शब्दवेडा:
‘सुरक्षागुणक’ म्हणायला काय होतं?

मुरूममाती:
काही होत नाही. पण वॉकीटॉकीवर तीनदा ओरडून बघा.

थरावरथर:
कोपऱ्यात रोलर जात नाही तिथे हाताने माती ठोकायचं लाकडी अवजार, त्याला तुम्ही काय म्हणता? आमच्यात धुम्मस. परवा एक नवा इंजिनिअर म्हणाला, असा शब्दच नाही.

शब्दवेडा:
आहे तर! आवाजावरून आला असेल, धुम्म.

जुनापावशेर:
तुमचे सगळेच शब्द आवाजावरून येतात.

कडेलोट:
तक्ता उद्या द्यायचाय हो. रकान्यात शेवटी काय लिहू?

शब्दवेडा:
थांबा जरा, धुम्मसचं लिंग कोणतं? आम्ही ‘तो’ म्हणतो.

थरावरथर:
‘ती’ आहे.