मदत हवी आहे: बुद्धिबळातल्या मोरा गँबिटमध्ये (प्यादं बळी देऊन केलेली सुरुवात) ११ चालींत मात, पांढऱ्याचं नेमकं कुठं चुकलं?

सांगलीतल्या एका खुल्या स्पर्धेतला डाव. पांढरी विट्याच्या मुलाकडे, काळा जिंकला. (घो घोडा, उ उंट, व वजीर, ह हत्ती, नुसतं घर म्हणजे प्यादं; × म्हणजे मारणं, आकड्यापुढची तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल.)

१. ई४ सी५ २. डी४ सी×डी४ ३. सी३ डी×सी३ ४. घो×सी३ घो-सी६ ५. घो-एफ३ ई६ ६. उ-सी४ व-सी७ ७. किल्लेकोट घो-एफ६ ८. व-ई२ घो-जी४ ९. एच३ घो-डी४ १०. व-डी१ घो×एफ३ शह ११. व×एफ३ व-एच२ मात.

९. एच३ चुकलं हे दिसतंय. पण ८. व-ई२ तर मोरात सगळेच खेळतात ना? मग तिथं काय खेळायचं?

प्रतिसाद १
हा सायबेरियन सापळा. १९८७ साली खाबारोव्स्कला कोलेन्बेट–शिपकोव डावात हाच लागला होता.

व-ई२ आणि ह-डी१ ही मांडणी काळ्यानं डी६ केलं असेल तेव्हाची. इथं डी प्यादं डी७ वरच आहे, म्हणून सी७ ते एच२ कर्ण मोकळा. एच२ ला राखतो फक्त एफ३ चा घोडा, आणि घो-डी४ त्यालाच हटवतो: १०. घो×डी४ ला लगेच व-एच२ मात. १०. एच×जी४ केलं तर घो×ई२ शह, वजीर गेला.

८ व्या चालीला घो-बी५ खेळा. व-बी८ ९. ई५. आता ९...ए६ १०. ई×एफ६ ए×बी५ ११. एफ×जी७ उ×जी७ १२. उ×बी५, प्यादी सारखी. ९...घो×ई५ १०. घो×ई५ व×ई५ ११. ह-ई१ मध्ये दोन प्यादी कमी, पण काळ्याचा राजा मधेच अडकतो. मोरा खेळायचा तर एवढं चालवून घ्यावंच लागतं.

मूळ प्रश्नकर्ता
आणि व-ई२ होऊन घो-जी४ आलंच तर? उ-बी३ चालेल?

प्रतिसाद २
नाही हो, ९. उ-बी३ लाही घो-डी४ आहेच. ९. घो-बी५ खेळा. व-बी८ नंतर काळ्यानं डी४ ला घोडा आणला की बी५ च्या घोड्यानं मारायचा, एफ३ चा जागचा हलवायचा नाही. १०. एच३ ला एच५ येईल. जी४ चा घोडा मारू नका, एच पट्टी उघडते. ११. जी३. ९. ह-डी१ नं डी४ राखलं जातं, पण ९...उ-सी५ नंतर एफ२ वर दाब येतो आणि खेळायला काळाच सोपा.

गणित नको असेल तर ८. एच३. संथ आहे, पण घो-जी४ चा प्रश्नच मिटतो. अर्धा तास प्रति खेळाडू अशा स्पर्धेत मुलांना हेच द्यावं.