मदत हवी आहे: १९८७च्या चाडमधल्या टोयोटा पिकअपसाठी १/३५ किट

नमस्कार मंडळी,

चाड आणि लिबिया यांच्यातल्या १९८७च्या लढायांवर डायोरामा (छोट्या मॉडेल्सचा देखावा) करायला घेतला आहे. या लढायांना पुढे 'टोयोटा युद्ध' असंच नाव पडलं. स्केल १/३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं, ठरलं आहे, कारण समोर एक जळालेला टी-५५ हा सोव्हिएत रणगाडा ठेवायचा आहे आणि त्या स्केलमध्ये तामियापासून ताकोमपर्यंतच्या मॉडेल कंपन्यांचे चांगले टी-५५ मिळतात. अडलं आहे ते पिकअपपाशी, म्हणजे नेमकं ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला तिथेच.

प्रसंग उत्तर चाडमधल्या फाडा गावच्या लढाईचा आहे, २ जानेवारी १९८७. लिबियाची चिलखती तुकडी ठाण मांडून बसलेली, आणि चाडचे सैनिक उघड्या पिकअपमधून वाळवंटातून भरधाव आले, बाजूने आणि मागून तुटून पडले. हत्यार होतं फ्रेंच-जर्मन बनावटीचं मिलान रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र, पल्ला साधारण २ किलोमीटर. सर्वत्र दिले जाणारे आकडे असे, की लिबियाचे ९२ टी-५५ आणि ३३ बीएमपी-१ (सैनिक वाहून नेणारी चिलखती वाहनं) गेले, तर चाडने १८ सैनिक आणि ३ टोयोटा गमावल्या. आकड्यांत थोडंफार इकडेतिकडे धरलं तरी त्या दिवशी काय झालं ते कळतं. मार्चमध्ये वादी दूमचा लिबियन हवाई तळही असाच पडला. रणगाड्यांचं युद्ध म्हटलं की आपण सगळे रणगाडेच बनवत बसतो. ही गोष्ट गाडीच्या बाजूने सांगितली जावी, असं मला फार मनापासून वाटतं.

आता किटबद्दल. सगळ्यात आधी हाताशी येतं ते मेंग कंपनीचं, झेडपीयू-१ ही विमानविरोधी मशीनगन बसवलेलं पिकअप. किट सुरेख आहे, १४.५ मिमीची मशीनगन तर फारच छान. पण गाडी हायलक्सच्या वळणाची, आणि मला हवी आहे लँड क्रूझर. दुसरा पर्याय एके इंटरॅक्टिव्हचं डीएसएचकेएम (जड मशीनगन) बसवलेलं एफजे४३ पिकअप. ही लँड क्रूझर आहे, पण ४० मालिकेतली, मधल्या लांबीची. एफजे४३चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४३० मिमी, आणि १९८४ला आलेल्या ७० मालिकेतल्या लांब पिकअपचा २९८० मिमी. १/३५ मध्ये हा फरक जवळजवळ १६ मिमी होतो. मागच्या हौद्यात चार माणसं, पाण्याचे कॅन, दारूगोळा आणि मिलानचा स्टँड बसवायचा असेल तर हे १६ मिमी डोळ्यांत खुपणारच.

१/२४ मध्ये जपानी कंपन्यांची हायलक्स किट्स आहेत, हे माहीत आहे. पण त्या स्केलमध्ये हत्यारं आणि आकृत्या कुठून आणायच्या? रणगाडा तर दूरच राहिला. म्हणून तो रस्ता सोडला.

तर जाणकारांनी कृपया सांगावं:

७० मालिकेतली एक-केबिनची लांब लँड क्रूझर १/३५ मध्ये कोणी रेझिनमध्ये किंवा थ्रीडी प्रिंटच्या फायलीच्या रूपात पाहिली आहे का? नसेल तर एफजे४३ची चेसिस कापून लांब करणं शहाणपणाचं ठरेल की सगळी बॉडी स्टायरीनच्या (प्लास्टिकच्या) पत्र्यातून करावी?

मिलानचा लाँचर वेगळा मिळतो का?

आणि छताचं काय करू? चाडच्या नंतरच्या वर्षांतल्या छायाचित्रांत छत आणि काच काढून टाकलेल्या गाड्या दिसतात. १९८७ला ते कितपत सरसकट होतं, यावर कोणी अभ्यास केला असेल तर जरूर लिहा. केबिन बंद ठेवायची की उघडी, यावर आतल्या कामाचं सगळं गणित अवलंबून आहे.

प्रतिसाद

विषय आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

मिलानपासून सुरुवात करतो. तामियाच्या मार्डर १ए२ या जर्मन चिलखती वाहनाच्या किटमध्ये लाँचर येतो. तुमच्या ओळखीत कोणी ते मॉडेल लाँचर न लावता बनवत असेल तर मागून घ्या. नाहीतर स्वतः करा, अवघड नाही. नळी साधारण सव्वा मीटरची, म्हणजे १/३५ मध्ये साडेतीन सेंटिमीटर. प्लास्टिकची पोकळ नळी, खाली नेम धरायच्या यंत्राचा डबा आणि बारीक तिवई.

पण त्याआधी प्रसंगाचा विचार करा. मिलानला मागे सुटत जाणाऱ्या तारेतून दिशा दिली जाते. क्षेपणास्त्र निशाण्यावर पोहोचेपर्यंत नेमबाजाला नेम तसाच धरून ठेवावा लागतो, आणि पूर्ण पल्ल्यावर त्याला बारा-तेरा सेकंद लागतात. म्हणजे मारा करताना गाडी थांबलेलीच हवी. चाकांमागे धुळीचा लोट आणि वर मिलान सुटतंय, असं दाखवलंत तर ते चुकीचं होईल. भरधाव गाडी हवी असेल तर तिच्यावर १२.७ मिमीची डीएसएचके द्या आणि मिलानवाली गाडी उंचवट्याआड उभी करा. दोन गाड्या झाल्या तर हल्ला कसा व्हायचा तेही दिसेल.

१०६ मिमीची एम४० रिकॉइललेस (मागे धक्का न देणारी) तोफही चाडच्या टोयोटांवर होती. एएफव्ही क्लबच्या एम३८ए१ जीपच्या किटमध्ये ती मिळेल. फक्त तिच्या मागून निघणारा झोत लक्षात ठेवा, तोफेच्या मागे एकही माणूस उभा करू नका. नळीसकट ती ३.४ मीटरची, म्हणजे मॉडेलमध्ये पावणेदहा सेंटिमीटर. हौद्याबाहेर डोकावणारच.

चेसिसबद्दल: कापा. शिडीसारखी सरळ चेसिस आहे, मागच्या स्प्रिंगच्या पुढे कापून मध्ये पट्टी घातली की झालं. हौदा मात्र नवाच करा, सपाट पत्र्याचा डबाच तो. खरा त्रास पुढच्या भागात आहे. ७० मालिकेचं बॉनेट रुंद आणि चपटं, दिवे गोल पण चौकोनी जाळीत बसवलेले. तिथे पुट्टी आणि धीर दोन्ही लागतील. आणि मागचे पाट्यांचे स्प्रिंग दबलेले दाखवा. एवढी माणसं आणि डिझेल भरल्यावर गाडी मागे बसते. लोक हे हमखास विसरतात आणि मग गाडी रिकामी वाटते.

धागाकर्ता

मनापासून आभार. मिलान आणि थांबलेल्या गाडीचा मुद्दा सगळ्यात मोलाचा, मांडणी आता दोन गाड्यांची करतो. एफजे४३ची दोन किट्स घ्यावी लागतील, डीएसएचके त्यातच येईल.

छताचा प्रश्न अजून खुला आहे. कोणाकडे १९८७च्या आसपासची फ्रेंच मासिकं असतील तर त्यातल्या छायाचित्रांत केबिनचा मागचा खांब दिसतो का, एवढं पाहून सांगा. तोवर चेसिस कापायला घेतो.