मदत हवी आहे: गरम पाण्याची बाटली चेपते, पण हिशेब जुळत नाही

नमस्कार. मुलीच्या एका प्रश्नात तीन दिवस अडकलोय.

काठोकाठ एक लिटर मावणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत ६० अंश सेल्सिअसचं ७५० मिली पाणी भरलं. वर २५० मिली हवा. बाटली हलवली, झाकण क्षणभर सैल करून पुन्हा घट्ट पिळलं. सकाळी पाणी २० अंशांवर आलं होतं आणि बाटलीच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या, एका बाजूला तर हाताला बोचेल अशी घडी पडली होती. मुलगी म्हणाली, "बाबा, हिला कुणी दाबलं?" मी म्हटलं, हवा थंड झाली की आकसते. तिला पटलं, पण आकडे मांडल्यावर मलाच पटेना.

केल्विनमध्ये ३३३ वरून २९३, म्हणजे हवा १२ टक्के कमी झाली: ३० मिली. पाणीही दीड टक्का आकसतं, ते ११ मिली. एकूण ४१. पण बाटली आधी आणि नंतर भरलेल्या पातेल्यात बुडवून सांडलेलं पाणी मोजलं, तर फरक ७५ मिली! गळती नाही, वजन तेवढंच आहे. मग उरलेले ३४ मिली गेले कुठे? हवा पाण्यात विरघळली का?

प्रतिसाद

विरघळते, पण तिचा वाटा काही मिलीचाच. वरच्या २५० मिलीला तुम्ही नुसती हवा धरलीत, चूक तिथे आहे. त्यात वाफही होती. ६० अंशांना वाफेचा दाब सुमारे २० किलोपास्कल असतो आणि बाहेरच्या हवेचा १०१, म्हणजे पाचवा हिस्सा वाफच. २० अंशांना तो जेमतेम २.३ उरतो. बाकीच्या वाफेचं पाणी होतं आणि तिची जागा रिकामी पडते. हे धरून करा: वरचे २५० मिली साधारण १८० वर येतात. ७० आणि पाण्याचे ११, झाले ८१. बाटलीची भिंत थोडा विरोध करते, म्हणून तुम्हाला ७५ मिळाले. तुमचं मोजमाप फार चांगलं आहे.

प्रश्नकर्ता

जुळलं! वरच्या भागात आतून बारीक थेंब होते, मी ते पाहूनही सोडून दिले. आज मुलीला दाखवतो. स्टीलच्या बाटलीचं झाकण सकाळी फिरतच नाही, तेही यामुळेच?

प्रतिसाद

बहुधा हो. स्टील चेपत नाही, म्हणून आतला दाब ७० टक्क्यांवर येतो. पाच सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर तो फरक सहा किलो ठेवल्यासारखा पडतो. बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, मग फिरवा.

फक्त प्रयोगासाठी बाटली काठोकाठ भरून, बंद करून तापवू नका. हवेला जागाच नसेल आणि भांडं ताठ असेल तर २० अंशांच्या आसपास एकेका अंशाला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या चार-साडेचार पटीइतका चढतो. फ्रीझरमध्येही तसंच, बर्फ होताना पाणी नऊ टक्के फुगतं. काच असेल तर तडकलीच.