ध्यान करणारा माणूस चांगला नागरिक होतो का?

प्रश्न: रोज पहाटे ध्यानाला बसते. पण सभेत विरोधी मत कानावर आलं की कानशिलं तापतात, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार असतं. आतली स्थिरता वादापर्यंत, मतदानापर्यंत पोचते का?

उत्तर १: पोचते, पण जपून. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं की धर्मातली भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणातली हुकूमशाहीकडे नेते. आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं बुद्धाकडून घेतली, असंही तेच सांगत. मला हे फार मोलाचं वाटतं. अध्यात्म हवं, व्यक्तिपूजा नको.

उत्तर २: क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कामकाजाच्या सभांबद्दल वाचा. मतदान नसतं. एक जण बोलला की थोडी शांतता, मग दुसरा. वेळ जातो, पण ऐकलं जातं.

प्रश्नकर्ती: आवडलं. आधी वहीत समोरच्याचा मुद्दा लिहीन, मगच हात वर करीन. पण अन्याय ढळढळीत असेल तेव्हाही शांतच बसायचं?

उत्तर १: नाही हो! १९२२ मध्ये चौरीचौराच्या हिंसेनंतर गांधीजींनी असहकार थांबवला, लढा सोडला नाही. १९३० ला दांडीला जाऊन मीठ उचललंच.