मदत हवी आहे: गुहागरला गाडीने जाऊन-येऊन किती खर्च येईल? (तातडीचे)

घोडबंदरकर | ७ एप्रिल २०२२, रात्री १०:४०

नमस्कार. महिनाअखेरीस गुहागरला जायचं आहे. पेट्रोल १२०च्या वर गेलंय. गाडीने जाणं परवडेल का? जाऊन-येऊन साधारण किती धरावेत? उद्यापर्यंत एकाला आकडा सांगायचा आहे, कृपया लवकर सांगा.

कोपरीकर | १०:५२

कुठून? गाडी कोणती? माणसं किती? पेट्रोल की सीएनजी?

घोडबंदरकर | १०:५५

ठाण्याहून. आयडी वाचा हो. पेट्रोल.

कोपरीकर | १०:५८

आयडी वाचला म्हणूनच विचारलं. घोडबंदरचे निम्मे लोक सध्या पुण्यात असतात. गाडी?

घोडबंदरकर | ११:०१

हजार सीसीची हॅचबॅक, २०१३ची. ॲव्हरेज १९ देते.

रानमांजर | ११:०९

गुहागरला जाताय तर व्याडेश्वराचं दर्शन घ्या, हेदवीचा दशभुज गणपती चुकवू नका, वेळणेश्वरला संध्याकाळी जा. राहायला समुद्राला लागून असलेल्या वाडीत खोली बघा, पण आत्ताच. मे महिन्यात ऐनवेळी गेलात तर सांगतील तो भाव द्यावा लागतो. आमचे गेल्या खेपेला पेट्रोलपेक्षा तिप्पट पैसे खोलीत गेले.

घोडबंदरकर | ११:१४

खोली नको आहे. सासरवाडी आहे.

रानमांजर | ११:१५

मग हे आधी लिहायचंत. एवढं टाइप केलं मी.

नेरुळची_मावशी | ८ एप्रिल, सकाळी ७:२०

गाडी कशाला? ठाण्याहून कोकण रेल्वेने चिपळूण, तिथून गुहागर पंचेचाळीस किलोमीटर, सहा आसनी रिक्षा मिळते. आम्ही १९९८पासून असंच जातो.

कोपरीकर | ७:४१

मावशी, मे महिन्याचं रिझर्व्हेशन १२० दिवस आधी उघडलं, म्हणजे जानेवारीतच संपलं. आता फक्त तत्काळ. एसीला सकाळी १०, स्लीपरला ११ वाजता खिडकी उघडते आणि चहा गाळेपर्यंत वेटिंग लागतं. एसटीचा संप अजून आहेच. काल कोर्टाने कामगारांना २२ तारखेपर्यंत हजर व्हायला सांगितलंय, पण गाड्या पूर्ववत कधी धावतील ते त्या विठ्ठलाला ठाऊक.

घोडबंदरकर | ८:०५

ट्रेन, एसटी दोन्ही जमणार नाही. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनाच पोचवायला निघालोय. पाय लांब करून बसावं लागतं. आणि येताना आंब्याच्या पेट्या आहेत. प्रश्न फक्त पेट्रोलचा होता.

सदू_हिशेबनीस | ८:३०

आता कुठे प्रश्न कळला. घ्या.

ठाणे ते गुहागर २८० किमी धरा. जाऊन-येऊन ५६०, तिकडे फिरणं १००. एकूण ६६०. ॲव्हरेज १९ खरं मानलं तर पावणेपस्तीस लिटर. मुंबईत ६ तारखेपासून १२०.५१ आहे, ठाण्यात पैशांचा फरक. म्हणजे सुमारे ४१८५ रुपये. २१ मार्चपर्यंत १०९.९८ होतं, तेव्हा हेच ३८२० झाले असते. अख्ख्या दरवाढीने तुमच्या सहलीवर पडलेला बोजा ३६५ रुपये. त्यासाठी धागा?

घोडबंदरकर | ८:४४

३६५चा प्रश्न नाही. साडू येतोय, खारघरहून बसणार. फेब्रुवारीत ठरलं होतं की पेट्रोल अर्धं-अर्धं, आणि त्याने तेव्हाच हिशेब करून "माझे दोन हजार" असं सांगून टाकलं. आता त्याला वाढीव आकडा कळवायचाय. मिसेस म्हणतात गप्प बसा.

नेरुळची_मावशी | ८:५०

मिसेस बरोबर म्हणतात.

ऐरोलीकर_७१ | ९:०२

अर्धं-अर्धं का म्हणून? तुम्ही किती माणसं?

घोडबंदरकर | ९:०४

मी, मिसेस, मुलगी (आठ वर्षं), सासूबाई, साडू. साली आधीच गेलीय.

ऐरोलीकर_७१ | ९:१०

म्हणजे तो एकटा माणूस आणि अर्धे पैसे देतोय? वर तुम्हाला त्यात वाढ हवी? सोन्यासारखा साडू आहे तुमचा. डोकी मोजली तर त्याचा वाटा पाचवा हिस्सा.

सदू_हिशेबनीस | ९:१८

असहमत. सासूबाई दोन्ही जावयांच्या कॉमन. त्यांचं डोकं अर्धं-अर्धं धरायला हवं. शिवाय गाडीची झीज, टायर, ऑइल याचे किलोमीटरला निदान दोन रुपये लावा, ते गाडीवाल्यालाच सोसावे लागतात. ६६० गुणिले २...

नेरुळची_मावशी | ९:२१

सासूचं डोकं अर्धं धरणारे लोक पाहिले. आता डोळे मिटायला मोकळी.

सीएनजी_सम्राट | ९:४०

हे सगळं सोडा आणि सीएनजी किट बसवा. १ तारखेला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्के केला. किलोला ६० झाला होता, परवा परत ६७ झाला, तरी पेट्रोलच्या जवळपास अर्धा.

कोपरीकर | ९:५२

एका ट्रिपसाठी किट? बरं, बसवलंच. सिलेंडरमध्ये आठ-नऊ किलो मावणार, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किमी. पुढे पंप शोधा, तासभर रांगेत उभे राहा, सासूबाईंना गाडीतून उतरवा (भरताना सगळ्यांना उतरवतात). आणि डिकीत सिलेंडर, मग आंब्याच्या पेट्या साडूच्या मांडीवर.

सीएनजी_सम्राट | ९:५५

तुम्ही कधी वापरलंय का सीएनजी?

कोपरीकर | ९:५६

सहा वर्षं. म्हणूनच सांगतोय.

रानमांजर | १०:१५

पेट्रोल नेहमी पहाटे भरावं, थंडीत घट्ट असतं, जास्त मिळतं. आणि पाचशे न सांगता ५१० सांगावं.

पिस्टन_रिंग | १०:३३

पंपाची टाकी जमिनीखाली असते. पहाटे आणि दुपारी आतल्या तापमानात नावापुरता फरक. ५१०चं तर सोडूनच द्या. मीटर शून्यावर आहे ना ते बघा, बस.

धागाकर्ते, तुमचं १९ कुठून आलं? स्वतः मोजलंय की ब्रोशरमधलं?

घोडबंदरकर | १०:४०

घेताना शोरूममध्ये सांगितलं होतं.

पिस्टन_रिंग | १०:४८

नऊ वर्षांपूर्वी. बरं. आज टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद होईल तिथे थांबा, वरून ओतायला लावू नका. ट्रिप मीटर शून्य करा. नेहमीसारखी चालवा. शंभरेक किमी झाले की त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा फुल. गेलेले किमी भागिले भरलेले लिटर. मग या.

ऐरोलीकर_७१ | ११:०५

मुळात केंद्राने एक्साइज कमी केली तर हे प्रश्नच...

सदू_हिशेबनीस | ११:०९

नोव्हेंबरात केंद्राने पेट्रोलवर पाच, डिझेलवर दहा कमी केले होते. राज्याने व्हॅट सोडला का? मुंबई-ठाणे-नवी मुंबईला २६ टक्के, बाकी महाराष्ट्राला २५. आपण काय पाप केलंय?

ऐरोलीकर_७१ | ११:१२

आणि निवडणुका होत्या तोवर साडेचार महिने एक पैसा हलला नाही, निकाल लागल्यावर सोळा दिवसांत दहा रुपये, ते विसरलात?

प्रशासक | ११:३०

राजकारणाला वेगळा धागा आहे. तिकडे जा. पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

घोडबंदरकर | १३ एप्रिल, रात्री ९:१२

मोजलं. ११२ किमी, ९.८ लिटर. साडेअकराही नाही. हे शक्य आहे का??

सदू_हिशेबनीस | ९:२०

११.४. म्हणजे तुमची सहल सात हजारांची. साडूचे दोन हजार ज्या १९वर बेतले होते ते कधी अस्तित्वातच नव्हते. दर वाढल्याने ३६५ गेले, ब्रोशरवर विश्वास ठेवल्याने अडीच हजारांच्या वर.

पिस्टन_रिंग | ९:३५

घाबरू नका, घोडबंदर रोडच्या मेट्रोच्या खोदकामात फर्स्ट-सेकंडवर एवढंच पडायचं. हायवेला वाढेल. तरी कमीच आहे. टायरमध्ये हवा किती? टपावर काही आहे का?

घोडबंदरकर | ९:४१

हवा ठीक असावी. टपावर कॅरियर आहे. मागच्या गणपतीत बसवलं होतं, गावी सामान न्यायला.

पिस्टन_रिंग | ९:४३

सात महिने रिकामं कॅरियर डोक्यावर घेऊन हिंडताय?

घोडबंदरकर | ९:४४

पाना मिळत नव्हता.

पिस्टन_रिंग | ९:५०

ऐंशीच्या वेगाने ते रिकामं कॅरियर वाऱ्याला नुसतं अडतं, तेवढं पेट्रोल फुकट. काढा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर हवेचा आकडा असतो. गाडी थंड असताना तेवढी भरा, पूर्ण भार असेल तर त्यात मागच्या चाकांसाठी वेगळा आकडा लिहिलेला असतो.

घोडबंदरकर | १४ एप्रिल, सकाळी ८:३०

स्टिकरवर ३३. मागच्या दोन चाकांत २२ आणि २४ निघाली. कॅरियर काढलं. चारही पट्ट्यांखाली रंग गेलाय, मिसेसनी फोटो काढून ठेवलाय.

रानमांजर | ८:४५

अजून एक. कशेडी घाट उतरताना न्यूट्रल करा. आमचे काका लाल डब्यावर ड्रायव्हर होते, त्यांची टीप.

पिस्टन_रिंग | ८:५२

अजिबात करू नका!! इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोलच सोडत नाहीत. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं. वर सगळा भार ब्रेकवर, ते तापले की पेडल खाली जातं. पाच माणसं आहेत गाडीत. तिसरा किंवा दुसरा गिअर, आणि मुकाट्याने उतरा.

रानमांजर | ८:५५

काकांची कधी एक ठोकर झाली नाही.

ईव्ही_वाला | ११:२०

इलेक्ट्रिक घ्या. किमीला दीड रुपया.

कोपरीकर | ११:२२

आणि परशुराम घाटात एक्स्टेन्शन बोर्ड कोणाच्या घरी लावायचा?

ऐरोलीकर_७१ | २३ एप्रिल, सायं. ६:१५

धागाकर्ते, घाटावरून आठवलं. परशुराम घाट २५ एप्रिल ते २५ मे रोज दुपारी १२ ते ५ बंद राहणार आहे, चौपदरीकरणाचं काम. हलक्या गाड्यांना लोट्याकडून चिरणी-कळंबस्ते असा पर्यायी रस्ता आहे, पण अरुंद. ऑपरेशन झालेला गुडघा असेल तर त्या वळणांवर नेऊ नका. पहाटे निघा. आणि ठाण्यातून ऐरोली पुलावर चढू नका, उगाच टोलचे चाळीस जातील. कळवा-विटाव्याहून सरळ ठाणे-बेलापूर रोड धरा.

घोडबंदरकर | ६:४०

हे उपयोगाचं. धन्यवाद. ३०ला पहाटे साडेचारला निघतो.

घोडबंदरकर | ५ मे, रात्री १०:०५

परत आलो. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगतो.

सासूबाई पुढे, सीट पूर्ण मागे, पायाखाली उशी. त्यांच्या मागे मुलगी, कारण तिथे दुसऱ्या कोणाचे गुडघे मावलेच नसते. माणगावात चाळीस मिनिटं अडकलो, तरी परशुराम साडेदहाला पार. एकूण ६५२ किमी, ४२ लिटर, म्हणजे साडेपंधरा. एसी पूर्णवेळ चालू. पेट्रोल ५०८० रुपये.

साडूला काही बोललो नाही. जाताना पेणला टाकी फुल करायला थांबलो, मी पाण्याची बाटली आणायला गेलो, तोवर त्याने कार्ड दिलं होतं. २८६० त्याचे. मी काही म्हणायच्या आत म्हणाला, "दोन हजार पुरणार नाहीत ते मला फेब्रुवारीतच माहीत होतं, तुझं ते एकोणीस ऐकून." येतानाचं मी भरलं. त्याच्या दोन पेट्या जास्त आणल्या, फिट्टंफाट.

नेरुळची_मावशी | १०:२०

आणि सासूबाईंचा गुडघा?

घोडबंदरकर | १०:२६

बरा आहे. पोचल्या पोचल्या अंगणात उतरून कलमं बघायला गेल्या, काठी गाडीतच राहिली. ती परत ठाण्यात आलीय. कुरिअरने पाठवायला किती लागतील?

कोपरीकर | १०:३१

वजन किती? लांबी किती? पिनकोड?

सदू_हिशेबनीस | २२ मे, सकाळी ९:००

केंद्राने काल एक्साइज आठ रुपयांनी कमी केली. मुंबईत आज १११.३५. तीन आठवडे थांबला असतात तर ४२ लिटरवर ३८५ रुपये वाचले असते.

घोडबंदरकर | ९:१२

आणि आंबे?

सदू_हिशेबनीस | ९:१५

ते हिशेबात धरले नव्हते. पेटी कितीला पडली?